कोच म्हणतात, ‘हिला डबल्स खेळवा’

*ताई, नमस्कार. आम्ही इंदूरचे. मुलगी साडेपंधरा वर्षांची, दहावीत आहे. आठ वर्षांची होती तेव्हापासून बॅडमिंटन खेळते. यंदा राज्य स्पर्धेत अंडर-17 सिंगल्सला क्वार्टर फायनलपर्यंत गेली. पण ऑल इंडिया रँकिंग टूर्नामेंटला गेलो की क्वालिफाइंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या राउंडलाच गाशा गुंडाळावा लागतो. मेन ड्रॉ, म्हणजे मुख्य स्पर्धा, अजून नशिबात आलेला नाही. मागच्या महिन्यात कोच म्हणाले, ‘हिचे हात फार चांगले आहेत, पाय कमी पडतात. सिंगल्स बंद करा, डबल्स खेळवा. देवासची एक मुलगी आहे, तिच्याबरोबर जोडी लावू.’ मला हे फार लागलं. सात वर्षं पहाटे उठून तिला नेलं-आणलं ते यासाठी का? हिचे बाबा म्हणतात, डबल्सच खेळायचं असेल तर खेळ सोड आणि बोर्डाचा अभ्यास कर. आजोबा म्हणतात, धारच्या पोरांसारखं हैदराबादला पाठवा. मुलगी फक्त ‘मला चालेल’ म्हणते. काय करावं?*

*– एक आई, इंदूर*

ताई,

तुमच्या पत्रात कोचचं वाक्य तुम्ही शब्दशः लिहिलंत, हे फार बरं केलंत. त्या वाक्यात दोन भाग आहेत आणि तुम्ही दुसराच धरून बसला आहात. ‘पाय कमी पडतात’ हे मनाला लागलं. ‘हात फार चांगले आहेत’ हे कानावरून गेलं. कोच लोक अशी स्तुती उठसूट करत नाहीत. पंधराव्या वर्षी हात चांगले असणं म्हणजे शटल अंगावर आलं तरी रॅकेटचं तोंड योग्य वेळी वळणं, नेटजवळ घाई न करता टॅप मारता येणं, सपाट ड्राइव्हच्या देवाणघेवाणीत मनगट न आखडणं. पाय मेहनतीनं पुष्कळ सुधारतात. हात मात्र लहानपणीच घडतात, आणि तुमच्या लेकीचे घडलेले आहेत.

आता मुख्य मुद्दा. डबल्स म्हणजे सिंगल्समध्ये न टिकलेल्यांची सोय, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. मी स्वतः कॉलेजात डबल्स खेळले, त्यामुळे ही समजूत मी जवळून पाहिली आहे, आणि ती मला मनापासून चुकीची वाटते. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत भारताला पहिलं पदक 1983 मध्ये प्रकाश पदुकोण यांनी मिळवून दिलं, ब्राँझ. त्यानंतर किती वर्षं गेली बघा. पुढचं पदक थेट 2011 मध्ये आलं, आणि ते सिंगल्समध्ये आलं नाही. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा या दोघींनी ते महिला डबल्समध्ये आणलं. सिंधूचं पहिलं जागतिक पदक त्यानंतर दोन वर्षांनी. त्या अश्विनीचा प्रवास तर तुमच्या लेकीनं मुद्दाम वाचावा असा आहे. लंडन आणि रिओ ऑलिंपिक ती ज्वालाबरोबर खेळली. 2024 ला पॅरिसमध्ये चौतिसाव्या वर्षी तनिषा क्रॅस्टोबरोबर उतरली.

2017 ची नागपूरची राष्ट्रीय स्पर्धा अनेकांना आठवते ती सायना-सिंधू फायनलमुळे. 21-17, 27-25, सायना जिंकली. मॅच होतीच तशी. पण त्याच स्पर्धेत अश्विनीनं महिला डबल्सही जिंकलं आणि मिक्स्ड डबल्सही. एका राष्ट्रीय स्पर्धेत दोन विजेतेपदं म्हणजे एका आठवड्यात दोन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर, दोन वेगळ्या पद्धतींनी खेळून शेवटपर्यंत पोचणं. हे सोपं नाही, ताई. आणि याची बातमी आतल्या पानावर, चार ओळींत येते. घरोघरी ती समजूत तयार होते ती अशी.

मे 2022 मध्ये आपण थॉमस कप, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा, पहिल्यांदा जिंकलो. इंडोनेशियाविरुद्ध 3-0. लक्ष्य सेन जिंकला, श्रीकांत जिंकला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मधली मॅच सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टीनं मॅच पॉइंट वाचवून काढली नसती तर ती फायनल कुठं वळली असती, सांगता येत नाही. थॉमस आणि महिलांच्या उबर कपच्या प्रत्येक लढतीत पाचपैकी दोन मॅच डबल्सच्या असतात. सुदिरमान कपच्या मिश्र सांघिक लढतीत तर पाचपैकी तीन. टीम निवडणाऱ्यांना डबल्सची माणसं लागतातच. पुढं रेल्वे किंवा पेट्रोलियम स्पोर्ट्स बोर्डाच्या टीमसाठी खेळाडू घेतानाही हाच हिशेब होतो. हिच्या बाबांना हे शांतपणे सांगा. ‘डबल्स असेल तर सोड’ या वाक्यामागं रागापेक्षा काळजीच जास्त दिसते मला. लेकीच्या पुढच्या आयुष्याचं काय, ही. त्या काळजीला उत्तर द्यायला हवं.

हे सगळं असलं तरी कोच म्हणाले म्हणून उद्यापासून सिंगल्स बंद करा, असं मी सांगणार नाही. आधी त्यांना एक गोष्ट नीट विचारा: पाय कमी पडतात म्हणजे नेमकं काय? कोपऱ्यावर पोचायला उशीर होतो, की तिसऱ्या गेमला दम संपतो? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. उशीर होत असेल, म्हणजे मागच्या बॅकहँड कोपऱ्यात शटल गेलं की पहिलं पाऊलच उशिरा पडतं आणि तिथून नुसता उंच टॉस निघतो, तर डबल्सचा विचार रास्त आहे, कारण तिथं तिला निम्मंच कोर्ट सांभाळायचं असतं. पण दम पुरत नाही म्हणून डबल्स, असं कोणी म्हणत असेल तर ते मान्य करू नका. महिला डबल्सच्या रॅली बॅडमिंटनमध्ये सगळ्यात लांब चालतात. मुलांच्या डबल्समध्ये दोन-तीन स्मॅशमध्ये पॉइंट संपतो. मुलींच्यात दोन्हीकडचा बचाव इतका टिकतो की दहा-दहा स्मॅश, ड्रॉप, परत टॉस, परत स्मॅश. डबल्सला दम कमी लागतो हे मानून जी मुलगी येते, ती पहिल्या सीझनलाच हिरमुसते.

तुम्हाला स्वतःला एक काम सांगते. पुढच्या वेळी प्रॅक्टिसला जाल तेव्हा कोर्टाच्या बाजूला बसू नका, मागं बसा, बेसलाइनच्या मागं. बाजूनं बघितलं की फक्त शटल दिसतं. मागून खेळाडू दिसतो. कोचना सांगून तिला डबल्सचे दोन-तीन गेम खेळू द्या आणि सर्व्हिस, रिटर्न आणि त्यानंतरचा तिसरा शॉट, एवढंच बघा. डबल्समध्ये सर्व्हिसची मागची रेषा सिंगल्सपेक्षा 76 सेंटिमीटर अलीकडे असते, त्यामुळे फ्लिक, म्हणजे अचानक उंच उचललेली सर्व्हिस, फार मागं टाकता येत नाही, आणि रिटर्न घेणारी पुढच्या रेषेला जवळजवळ खेटून, रॅकेट वर धरून उभी राहू शकते. सर्व्हिस जरा उंच गेली की मेली. निम्मे पॉइंट या तीन शॉटमध्येच ठरतात. तुमची लेक रिटर्नला पुढं झेपावते की मागं रेलते? तिसऱ्या शॉटला तिची रॅकेट छातीच्या वर असते की गुडघ्याशी लोंबत असते? आणि अजून एक: दोघी शेजारी शेजारी उभ्या असताना शटल बरोबर मधून आलं तर काय होतं? नव्या जोडीत दोघीही ‘तुझं’ म्हणून बघत राहतात आणि शटल मधून निघून जातं. जिला डबल्स कळतं, ती न बोलता ते घेते आणि पुढच्याच क्षणी जोडीदारासाठी जागा रिकामी करते. हे तुम्हाला दिसलं तर कोचनी बरोबर ओळखलंय, असं समजा.

आणि हा निर्णय कायमचा शिक्का नसतो. किदम्बी श्रीकांत आधी डबल्स आणि मिक्स्डच खेळायचा. 2011 च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत त्यानं मिक्स्डमध्ये रौप्य आणि डबल्समध्ये ब्राँझ मिळवलं. कोच पुल्लेला गोपीचंदनी त्याला सिंगल्सकडं वळवलं आणि 2018 मध्ये तो जगात पहिल्या क्रमांकावर गेला. उलट गायत्री गोपीचंद सिंगल्स खेळत होती. 2019 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिला सिंगल्सचं रौप्य मिळालं. पुढं त्रिसा जॉलीबरोबर जोडी जमली आणि 2022 मध्ये राखीव यादीतून आत येऊन दोघी ऑल इंग्लंड या मानाच्या स्पर्धेच्या सेमीफायनलला पोचल्या. पुढच्या वर्षी पुन्हा सेमीफायनल. आपल्या नंदू नाटेकरांचं उदाहरण तर त्याहून मोठं आहे. सांगलीचा हा मुलगा आधी टेनिस खेळायचा. राष्ट्रीय ज्युनियर फायनलमध्ये रामनाथन कृष्णनकडून हरला आणि बॅडमिंटनकडं वळला. 1956 मध्ये क्वालालंपूरला विजेतेपद मिळवून परदेशात बॅडमिंटनची स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय ठरला, आणि 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा बॅडमिंटनमधून पहिला मान त्यांचाच. राष्ट्रीय स्पर्धेत ते सिंगल्स, डबल्स, मिक्स्ड तिन्ही जिंकले.

म्हणून तूर्त दोन्ही खेळू द्या. अंडर-17 चं जे वर्ष उरलंय त्यात राज्य स्पर्धेला सिंगल्स आणि डबल्स दोन्ही; ऑल इंडियाला डबल्सवर भर. सिंगल्सची मॅच खेळल्यानं पाय घडतात, ते डबल्सलाही उपयोगी पडतात. बऱ्याच जाणत्या कोचना हे मान्य असतं. तुमच्या कोचना ‘पूर्ण बंद’ असंच का वाटतं, ते विचारा. दोन स्पर्धांचा थकवा, बोर्डाचं वर्ष, अशी काही कारणं असतील तर ती ऐकण्यासारखी आहेत.

जोडीदाराबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण डबल्समध्ये बहुतेक घरं इथं अडकतात. देवास जवळ आहे, तासाभराच्या आत. आठवड्यातून दोन दिवस दोघींनी एकाच कोर्टवर, एकाच बाजूनं खेळायला हवं. दोघी आपापल्या गावात प्रॅक्टिस करून स्पर्धेच्या आदल्या दिवशी भेटल्या तर जोडी होत नाही. त्या मुलीच्या आई-वडिलांना एकदा घरी चहाला बोलवा आणि पैशाचं, प्रवासाचं मोकळेपणानं ठरवा: फेदर शटलचा खर्च कसा वाटायचा, बाहेरगावी बरोबर कोण जाणार, एकीला ताप आला तर एन्ट्री फीचं काय. आणि सगळ्यात अवघड: हरल्यावर कोणाच्या चुकीनं हरलो, ही चर्चा दोन्ही घरांत होणार नाही, हे एकमेकांना सांगून ठेवा. मुली एकमेकींना लवकर माफ करतात. आया-बाप करत नाहीत. गॅलरीतून ‘तिला सांग पुढं हो म्हणून’ असं ओरडणाऱ्या एका पालकानं चांगली जमलेली जोडी मोडताना मी पाहिली आहे.

सात्त्विक आणि चिराग यांची जोडी 2016 मध्ये मलेशियन कोच तान किम हर यांनी लावली. दोघंही उंच, दोघंही मागून स्मॅश मारणारे. नेटजवळ कोण राहणार, हा प्रश्न त्यांच्यापुढं पहिल्या दिवसापासून होता. ते एकमेकांसाठी नेटवर खेळायला शिकले. जोडी कागदावर जुळत नाही म्हणून सुरुवातीलाच नाही म्हणू नका. एक सीझन द्या.

आता आजोबांच्या हैदराबादबद्दल, म्हणजे तिथल्या बॅडमिंटन अकादमीबद्दल. त्यांच्या मनात कोण आहे ते मला लगेच कळलं. धारचे सौरभ आणि समीर वर्मा. सौरभ तीनदा राष्ट्रीय विजेता झाला; 2017 ला पाटण्यात आणि 2019 ला गुवाहाटीत फायनलमध्ये त्यानं लक्ष्य सेनला हरवलं. समीर 2018 च्या वर्ल्ड टूर फायनल्समध्ये सेमीपर्यंत गेला. आणि त्याच धारचा प्रियांशु राजावत, लहानपणीच ग्वाल्हेरच्या अकादमीत गेला, तिथून हैदराबाद. थॉमस कप जिंकलेल्या टीममध्ये होता आणि 2023 मध्ये ऑर्लिन्स मास्टर्स जिंकला. इंदुरातल्या आजोबांना या मुलांचा अभिमान वाटावा, हे अगदी बरोबर आहे, मलाही वाटतो. पण ती मुलं लहान वयात गेली, आणि आपण काय खेळतो हे त्यांचं ठरलेलं होतं. तुमच्या लेकीचं ते अजून ठरायचं आहे. दहावीच्या मध्यात, सिंगल्स की डबल्स हे कळायच्या आत, तिला अनोळखी शहरात होस्टेलवर ठेवलं तर तिकडे तीस मुलींमध्ये तिच्याकडं बघायला कोणाला वेळ मिळणार? ऑल इंडियात डबल्सचा मेन ड्रॉ एक-दोनदा खेळू द्या. मग बाहेर जायचा प्रश्न विचारात घ्या, आणि तेव्हा शक्य झालं तर दोघींना एकत्र पाठवता येईल का, ते बघा.

बोर्डाचं म्हणाल तर खेळ सोडायचं काहीच कारण नाही. परीक्षेच्या आधीचे दोन महिने बाहेरगावच्या स्पर्धा बंद, संध्याकाळचा एक तास कोर्ट चालू. घरी सर्व्हिस करता येते. पॅसेजमध्ये दीड मीटरपेक्षा थोडी वर, म्हणजे 1.52 मीटरवर, दोरी बांधा. नेटची मधली उंची तेवढीच असते. दोरीपासून दोन मीटरवर खडूची रेघ मारा, पलीकडेही तशीच. या रेघेमागं उभं राहून शटल दोरीला चाटून पलीकडच्या रेघेवर पडलं पाहिजे, आणि मारताना शटल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली असायला हवं. गणिताची दोन प्रकरणं झाली की वीस सर्व्हिस. डबल्सची अर्धी तयारी त्यात होते. नवी रॅकेट घेऊन देऊ नका, आत्ता काही गरज नाही. गटिंग, म्हणजे रॅकेटला तारा बसवणं, तेवढं वेळच्या वेळी करून घ्या, आणि कोणी सांगितलं म्हणून तारांचं टेन्शन वाढवू नका. हात दुखायला लागतो.

आता तुमच्या लेकीच्या ‘मला चालेल’बद्दल. पूर्ण पत्रात मला खटकलं ते हेच. कोच बोलले, तुम्ही बोललात, बाबा आणि आजोबा बोलले. तिच्या वाट्याला दोन शब्द आले. चार मोठ्यांची तोंडं चार दिशांना असताना पंधरा वर्षांची मुलगी ‘मला चालेल’ म्हणूनच सुटका करून घेते. तिला जेवणाच्या ताटावर सगळ्यांसमोर विचारू नका. कोर्टवरून परतताना, स्कूटरवर किंवा गाडीत, दोघीच असताना विचारा. आणि ‘तुला काय वाटतं’ असं मोघम नको. विचारा, ‘आतापर्यंत खेळलेल्या मॅचपैकी कुठली तुला पुन्हा खेळावीशी वाटते?’ ती सिंगल्सची मॅच सांगते की डबल्सची, जिंकलेली सांगते की हरलेली, आणि सांगताना ती कशाबद्दल भरभरून बोलते, ते नुसतं ऐका. मध्ये बोलू नका. आजवरच्या खर्चाचा आणि पहाटेच्या फेऱ्यांचा उल्लेख तर अजिबात नको. तुम्ही केलेलं सगळं तिला माहीत आहे, आणि मला वाटतं तिच्या गप्प राहण्याचं निम्मं कारण तेच असावं. सिंगल्स सोडते म्हटलं तर आईची सात वर्षं वाया गेली असं होईल, ही भीती तिला तुम्हीच घालवू शकता, दुसरं कोणी नाही.

ती डबल्स म्हणाली तर कोचना फोन करा, देवासच्या मंडळींना रविवारी बोलवा. सिंगल्स म्हणाली तर कोचसमोर तिच्या बाजूनं उभ्या राहा, आणि फूटवर्कसाठी आठवड्यातले तीन दिवस वेगळे मागून घ्या, शॅडो (शटलशिवाय पावलांचा सराव) आणि मल्टी-शटलचे (एकामागून एक शटल टाकून घेतलेला सराव). पुढच्या राज्य स्पर्धेची एन्ट्री भरताना मात्र फॉर्म तिच्याच हातात द्या. कुठल्या इव्हेंटपुढं खूण करायची ते तिला करू द्या, आणि काय झालं ते मला जरूर कळवा.